उजव्या पायाची उडी

जुलैतला दुसरा शनिवार. आठवडाभर झड लागली होती. जो तो गंगापूर धरण किती भरलं तेवढंच विचारत होता, आणि आमच्या सिमेंटच्या बास्केटबॉल कोर्टवर एका रिंगखाली तळं साचलं होतं. मुलींनी सहा वाजल्यापासून गोणपाटं आणि वायपर घेऊन पाणी काढलं. साडेसहाला पुन्हा सर आली. शेवटी मी शिट्टी मारली आणि सगळ्यांना बॅडमिंटन हॉलमध्ये घेतलं.

गेली चौदा वर्षं मी नाशिकच्या एका कॉलेजात शारीरिक शिक्षणाचं काम करते आणि मुलींचा बास्केटबॉल संघ सांभाळते. नवा संघ बांधायच्या आधी दर जुलैत प्रत्येक मुलीच्या चाचण्या घ्यायच्या, असा माझा नेम आहे. त्यासाठी रविवार कारंजावरून आणलेली लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट वही आहे, दुकानदार उधारीसाठी ठेवतात तसली. एका पानावर एक मुलगी. उंची, वजन, वीस मीटरची बीप टेस्ट (बीपच्या तालावर येऊन-जाऊन धावायची), उभ्यानं उडी, एका पायावरची लांब उडी, फ्री थ्रो दहापैकी किती. संगणकावर भर असं बरेच जण सांगतात. पण वही मैदानावर नेता येते, तिच्यावर घाम सांडला तरी चालतो, आणि मुलगी स्वतःचं मागच्या वर्षीचं पान स्वतः उलटून बघते. मला ते महत्त्वाचं वाटतं.

त्या दिवशी सगळ्यांचं लक्ष एकीकडेच होतं. आमची सात नंबर परत येणार होती.

तिचं नाव लिहीत नाही. तीन वर्षं ती सात नंबरचीच जर्सी घालते, म्हणून सगळं कॉलेज तिला सात नंबर म्हणतं. निफाड तालुक्यातली, द्राक्षवाल्या घरातली. शाळेत खो-खो खेळलेली. खो-खोच्या मुली मला फार आवडतात. त्यांना दिशा बदलायला शिकवावं लागत नाही, कमरेतून वाकणं अंगात असतं. पहिल्या वर्षी तिला बॉल हातात धरता येत नव्हता, दुसऱ्या वर्षी ती पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेऊन खेळ मांडणारी, झाली, आणि तिसऱ्या वर्षी कॅप्टन होणार हे कुणी जाहीर करायची गरजच नव्हती.

मागच्या सप्टेंबरात, विभागाच्या स्पर्धेत, तिसऱ्या क्वार्टरला ती पडली. कुणाचा धक्का लागला नव्हता, कोर्ट कोरडं होतं. रिंगवरून उसळलेला बॉल, म्हणजे रिबाउंड, घेऊन खाली आली, डावा पाय टेकला, अंग वळलं आणि गुडघा आत गेला. मी साइडलाइनवर होते. मला आवाज ऐकू आला, कोवळी काडी मोडल्यासारखा. एसीएल. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना गुडघ्याच्या आत तिरकं बांधून ठेवणारा दोर. बास्केटबॉलमध्ये मुलींचा तो मुलांपेक्षा दुपटीहून जास्त वेळा तुटतो, आणि बहुतेक वेळा असाच, कुणी हात न लावता, उडीवरून उतरताना किंवा झटकन वळताना. तोवर मी वर्षानुवर्षं उडी कशी मारायची ते शिकवत आले होते. उतरायचं कसं, यासाठी वेगळा वेळ कधी काढला नव्हता. ते माझ्याकडून राहिलं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला ऑपरेशन झालं. तिच्याच मांडीच्या मागच्या स्नायूची कंडरा काढून तिथे नवा दोर बसवला. घरी बिछान्यावर टाचेखाली उशी ठेवून गुडघा सरळ करायचा, मग भिंतीला पाठ लावून बसायचं, मग सायकल, मग जिना. मार्चमध्ये ती सरळ रेषेत धावायला लागली. पांडवलेणीच्या पायऱ्या एकदा गुपचूप चढून आली म्हणून मी तिला रागावलेही होते. चढण्यापेक्षा उतरणं वाईट, तेही ओल्या दगडावर.

आम्हाला मदत करणाऱ्या फिजिओ मॅडमनी अट स्पष्ट घातली होती. किमान नऊ महिने पूर्ण हवेत, आणि ऑपरेशनच्या पायाची ताकद आणि उडी दुसऱ्या पायाच्या निदान 90 टक्के हवी. त्याआधी सामना नाही. घाईनं परतलेल्या पोरींचा तोच गुडघा पुन्हा जातो, नाहीतर दुसरा जातो. जुलैत नऊ महिने भरले. उरली उडी.

खरं सांगायचं तर मला ती हवी होती. मागच्या वर्षीच्या पाच जणी पास होऊन गेल्या होत्या. नव्या मुलींत एक सिन्नरची हँडबॉल खेळलेली, हात चांगला, पण डोकं खाली घालून ड्रिबल करणारी. दोघी-तिघी उंच, पण समोरच्यांच्या रिंगखाली तीन सेकंदांहून जास्त थांबायचं नाही, हा नियम अजून पाठ नसलेल्या. आठ सेकंदांत बॉल पुढच्या अर्ध्यात न्यायचा, चोवीस सेकंदांत शॉट घ्यायचा, आणि हे सगळं समोरची मुलगी अंगावर येत असताना. हे शांतपणे करणारी आमच्याकडे एकच होती. नाशिक विभागातून पुढे आंतरविभागीय, तिथून विद्यापीठाचा संघ, मग पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ. तिचं ते स्वप्न होतं आणि टीवायचं वर्ष होतं. आमच्या खोलीत एक पिवळं पडलेलं कात्रण आहे, 2017 सालचं. बंगळुरूत भारताच्या मुलींनी कझाकस्तानला 75-73 असं हरवून आशिया कपच्या ब गटाचं विजेतेपद घेतलं, त्याचं. ते तिनंच भिंतीवर लावलंय.

तर, उडी. फरशीवर खडूची रेघ मारायची, टेप पसरायची. एका पायावर उभं राहायचं, त्याच पायावर लांब उडी मारायची, त्याच पायावर उतरून तोल धरायचा. टाच जिथे टेकली तिथे खडूची खूण. तीन प्रयत्न, सगळ्यात लांब तो लिहायचा.

आधी उजवा पाय, म्हणजे धडधाकट. 118, 121, 120. मी 121 लिहिलं. मग डावा. हॉल चिडीचूप झाला, पत्र्यावरचा पाऊस तेवढा ऐकू येत होता. पहिली उडी 106. दुसरी 110. तिसऱ्या वेळी तिनं खालचा ओठ दातात धरला, हात मागे ओढले आणि झेप घेतली. उतरताना पूर्ण अंग पुढे गेलं, बोटं फरशीला धरून राहिली, पण दुसरा पाय टेकवला नाही. 113.

कुणीतरी मोबाईलवर भागाकार केला. 93 टक्के! पोरींनी हॉल डोक्यावर घेतला. सिन्नरची मुलगी तिच्या गळ्यात पडली. मीही टाळ्या वाजवल्या, आणि वहीत तिच्या पानावर 'खेळण्यास पात्र' असं लिहून खाली सहीसुद्धा केली.

सही वाळायच्या आत माझी नजर वरच्या ओळीवर गेली. मागच्या जुलैची ओळ, माझ्याच अक्षरात. उजवा 149. डावा 147.

उजवा 149 होता, आज 121?

नऊ महिने खेळ बंद असला की चांगला पायही थोडा खंगतो, हे मला माहीत होतं. पण अठ्ठावीस सेंटिमीटर? मी मघाच्या उड्या मनात पुन्हा बघितल्या. डाव्या पायावर ती जिवाच्या आकांतानं उडली होती, प्रत्येक वेळी धडपडत तोल सावरला होता. उजव्यावर मात्र तिन्ही वेळा अलगद, जागच्या जागी थांबली होती. दम लागला नव्हता, हात हलले नव्हते. दारातून पावसात पाऊल टाकावं तसं.

सगळ्यांसमोर काही बोलले नाही. पोहे आले होते, मुलींना कँटीनकडे पिटाळलं आणि तिला म्हटलं, "तू थांब, टेप गुंडाळायला मदत कर."

हॉल रिकामा झाल्यावर वही तिच्यापुढे धरली. तिनं पान बघितलं, मग माझ्याकडे बघायचं टाळलं.

"उजव्या पायानं एक उडी मार," मी म्हटलं. "मनापासून."

ती रेघेवर उभी राहिली. बराच वेळ उभी राहिली. मग उडाली. मी गुडघ्यावर बसून खूण केली, टेप लावली. 146.

113 ला 146 नं भागलं तर 77 टक्के येतात.

"कधीपासून ठरवलं होतंस?"

"मे महिन्यात, मॅडम. मी घरी मोजत होते, ओट्यावर खडू मारून. डावा वाढतच नव्हता एकशे दहाच्या पुढं. मग म्हटलं, उजवा कमी केला तरी टक्के येतातच ना." आणि मग, अगदी हळू, "शेवटचं वर्ष आहे."

मला राग आला नाही, भीती वाटली. चौदा वर्षांत मुलींनी माझ्यापासून ताप लपवला, पाळीचं दुखणं लपवलं, घरी परवानगी नसल्याचं लपवलं. पण आपला धड पाय मुद्दाम कमी पळवून अधू पायाला बरोबरीत आणायचं, आणि तेही दोन महिने सराव करून! एवढी अक्कल या पोरीकडे आहे, म्हणूनच तर ती माझी पॉइंट गार्ड होती. आणि मी सही करून बसले होते. ती वरची ओळ नजरेला पडली नसती, तर सप्टेंबरात तोच गुडघा त्याच कोर्टवर पुन्हा गेला असता, आणि खाली माझी सही असती.

मी सांगितलं, या सप्टेंबरला नाही. ती रडली. मी समजूत घातली नाही, शेजारी बसून राहिले. पाऊस उतरला होता.

अकराच्या सुमाराला तिचे वडील पिकअप घेऊन आले, शनिवारी होस्टेलवरून तिला घरी न्यायला. तिनंच त्यांना सगळं सांगितलं, मी काही बोलायच्या आधी. मला वाटलं होतं ते चिडतील, माझ्यावर किंवा तिच्यावर. ऑपरेशनला त्यांनी किती कर्ज काढलं ते मला ठाऊक होतं. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि लेकीलाच विचारलं, "आपल्या बागंची एप्रिलात काय छाटणी करतो आपण?"

"खरड छाटणी."

"मंग तवा घड मागतो का येलीला?"

तिनं मान हलवली.

"बोडकी दिसती बाग. येणारा-जाणारा म्हणतो, वाळून गेली. पन त्याच टायमाला नव्या काडीत घड बांधला जातो, डोळ्याला दिसत न्हाई. ऑक्टोबरची छाटणी त्याच्यावर." मग माझ्याकडे वळून, "मॅडम, हिला एमकॉमला घालू. खेळंल तवर."

मी पदव्युत्तरच्या मुलींनाही खेळता येतं, वयाची अट 25 ची आहे, हे सांगितलं. त्यांनी ते दोनदा विचारून पक्कं करून घेतलं.

जाताना तिनं वही मागितली. 'खेळण्यास पात्र' ही माझी ओळ मी स्वतः खोडली. 121 तिनं खोडलं, शेजारी 146 लिहिलं आणि खाली स्वतःची सही केली. तारीख घालायला विसरली, ती मी घातली.

सोमवारी पावसानं उघडीप दिली. सहाला मी मैदानावर पोहोचले तेव्हा अर्धं कोर्ट कोरडं झालेलं होतं, आणि ती एका पाटावर नव्या मुलींना चढवून खाली उड्या मारायला लावत होती. फिजिओ मॅडमकडून जे तिनं शिकलं होतं तेच. गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत, कंबर मागे, चवड्यावर. सिन्नरची मुलगी धप्पकन उतरली, दोन्ही गुडघे एकमेकांकडे झुकले.

"आवाज आला," सात नंबर म्हणाली. "परत चढ."

मुलगी परत चढली. मी खांद्यावरची बॅग खाली ठेवली, लाल वही काढली आणि नवं पान उघडलं. यंदा एक रकाना वाढवला आहे: उतरताना गुडघा. तो तीच भरते.