जपानमधलं अंगणातलं वीजकपाट आणि तासगावच्या दाजींचे प्रश्न

तासगावला आमच्या दाजींचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे. मी जपानला आल्यापासून फ्युएल सेलबद्दलचे, म्हणजे हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या यंत्राबद्दलचे, त्यांचे प्रश्न थांबलेले नाहीत, आणि आता सांगलीहून आण्णाही त्यात सामील झालेत. फोनवर प्रत्येकाला तुकड्या-तुकड्यांनी सांगण्यापेक्षा इथे सविस्तर लिहिते.

"व्हय गं, तिकडं पाण्यावर गाडी चालती म्हणं?"

नाही दाजी. गाडी चालते हायड्रोजनवर. पाणी तिच्यातून बाहेर पडतं. हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की पाणी होतं आणि ऊर्जा सुटते. हायड्रोजन जाळला तर ती ऊर्जा उष्णता म्हणून मिळते. फ्युएल सेलमध्ये ज्योत नसते, थेट वीज मिळते, आणि सगळी करामत आहे ती एका पडद्याची. प्लॅस्टिकच्या कागदासारखा हा पातळ पडदा मधोमध असतो, त्याच्या दोन्ही अंगांना प्लॅटिनमचे बारीक कण. एका बाजूने हायड्रोजन सोडला की प्लॅटिनमवर त्याचा अणू फुटतो: प्रोटॉन वेगळा, इलेक्ट्रॉन वेगळा. पडदा प्रोटॉनला पलीकडे जाऊ देतो आणि इलेक्ट्रॉनला अडवतो. मग इलेक्ट्रॉनला बाहेरच्या तारेतून वळसा घालून पलीकडे जावं लागतं. त्या वाटेवर मोटर जोडा, नाहीतर दिवा. पलीकडे ऑक्सिजन वाट बघतच असतो. तिघं भेटले की पाणी. एक किलो हायड्रोजनमागे नऊ किलो पाणी तयार होतं.

एका सेलमधून चालू असताना जेमतेम 0.6 ते 0.7 व्होल्ट मिळतात, म्हणून सेलची थप्पी लावतात. टोयोटाच्या नव्या मिराई गाडीत असे 330 सेल आहेत.

"मग ह्याला चार्जिंग लागत न्हाई?" लागत नाही. रसवंतीच्या चरकात कांड्या घालत राहिलं की रस येत राहतो, तसं हे यंत्र: हायड्रोजन येतोय तोवर वीज चालू. बॅटरीत मात्र जेवढं भरून ठेवलं तेवढंच.

आण्णांना इतिहास हवा असतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ विल्यम ग्रोव्हने 1839 च्या सुमारास ही कल्पना प्रयोगाने दाखवली, पण कामाला येण्याजोगं यंत्र व्हायला शंभराहून जास्त वर्षं गेली. इंग्रज इंजिनिअर फ्रान्सिस बेकनने 1959 मध्ये 5 किलोवॅटचा संच चालवून दाखवला आणि त्याच्याच पद्धतीचे सेल पुढे अपोलो यानात बसले. त्यातून निघालेलं पाणी अंतराळवीर प्यायचे. गाडीतलं पाणी मात्र पिऊ नये, त्याचा मार्ग पिण्याच्या पाण्यासाठी केलेला नसतो. मिराईत ते सोडायला एक बटण असतं. पार्किंगमध्ये शिरण्याआधी दाबलं की गाडीखाली पाण्याची धार लागते.

पण मला गाडीपेक्षा घरातलं यंत्र जास्त भावलं. आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून लोखंडी कपाटाएवढी एक पेटी आहे, शेजारी गरम पाण्याची टाकी. ह्याला इथे एने-फार्म म्हणतात. 2009 पासून विक्रीला आहे आणि आज जपानमध्ये लाखो घरांत आहे. पाइपने येणाऱ्या गॅसमधून ही पेटी आधी हायड्रोजन काढते आणि त्याची वीज करते. वीज थोडीच, साधारण 700 वॅट. जास्त लागली तर बाहेरच्या लाइनवरून येते. वीज करताना जी उष्णता सुटते ती पाणी तापवते. संध्याकाळी बाथरूमच्या पॅनलमधून बाईच्या आवाजात सूचना येते की आंघोळीचं पाणी तयार आहे. त्यातली बरीच ऊब दिवसभर वीज करता करता साठलेली असते. कोळशाच्या वीज केंद्रात निम्म्याहून जास्त उष्णता वाया जाते. इथे ती घरातच वापरली जाते, आणि हाच ह्या यंत्राचा खरा फायदा आहे असं माझं मत आहे. गॅसमधून हायड्रोजन काढताना कार्बन डायऑक्साइड निघतोच, तेव्हा हे पूर्ण स्वच्छ नाही. काही मॉडेल वीज गेली तरी चालू राहतात, गॅस आणि पाणी येतंय तोवर. हे कळलं तेव्हा मला 2019 च्या महापुरातली आमची अंधारी गल्ली आठवली.

ताईचा प्रश्न धोक्याबद्दलचा. हायड्रोजन भडका घेतो, वास नाही, ज्योतही दिवसा जवळजवळ दिसत नाही; म्हणून गळती शोधणारे सेन्सर लागतातच. पण तो हवेपेक्षा चौदा पटीने हलका, उघड्यावर झटकन वर निघून जातो. कोंडलेल्या जागेत मात्र घातकच. गाडीच्या टाक्या कार्बन फायबरच्या असतात, त्यात 700 बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या साधारण सातशे पट दाबाने गॅस भरतात. भरण्याआधी तो उणे 40 अंशांपर्यंत थंड करतात, त्यामुळे ऐन उन्हाळ्यातही नोझलवर पांढरं हिव साचतं. टाकी चार-पाच मिनिटांत भरते.

आता मुद्द्याचं. हायड्रोजनची खाण नाही, तो तयार करावा लागतो. पाण्यापासून विजेने एक किलो हायड्रोजन करायला 50 ते 55 युनिट लागतात, आणि त्यावर गाडी शंभर-सव्वाशे किलोमीटर जाते. तेवढीच वीज बॅटरीच्या गाडीत भरली तर तीनशेच्या वर. म्हणून स्कूटर, कार, रिक्षाला बॅटरीच बरी असं मी घरच्यांना ठामपणे सांगते. ट्रक, लांबची बस, जिथे तारा नाहीत तिथली रेल्वे, इथे फ्युएल सेलचा विचार करावा. जर्मनीत 2018 पासून अशी प्रवासी रेल्वे धावली. पुण्यात 2022 मध्ये देशी बनावटीची बस दाखवली गेली आणि 2023 मध्ये केंद्राने 19,744 कोटींचं हरित हायड्रोजन मिशन मंजूर केलं.

आपल्या भागात मला जास्त आशा वाटते ती साखर कारखान्यांची. प्रेसमड (उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ) आणि डिस्टिलरीच्या स्पेंटवॉशपासून (अल्कोहोल काढल्यावर उरणारं सांडपाणी) बायोगॅस होतोच; तो गंधक काढून साफ केला तर जास्त तापमानाच्या फ्युएल सेलला चालतो. गंधक राहिलं तर सेल खराब होतात, त्यामुळे सफाईचा खर्च धरूनच हिशेब मांडावा लागेल.

आणि दाजी, कोल्ड स्टोरेजचा जनरेटर काढून आत्ताच हे बसवू का म्हणाल, तर नको. छतावर सोलर घाला, जनरेटर राहू दे. उद्या कोणी फ्युएल सेल विकायला आलं, तर यंत्राच्या किमतीआधी हायड्रोजन तासगावात कोण आणून देणार, किलोला काय भाव आणि थप्पीची किती तासांची गॅरंटी, एवढं त्याच्याकडून कागदावर लिहून घ्या आणि मला फोटो पाठवा.