डीओ उडाला की आधी वर बघायचं

वीज खात्यात मी ३१ वर्षं वायरमन होतो. त्यातली शेवटची ११ वाईच्या वरच्या अंगाला, पसरणी घाटाच्या पायथ्याच्या गावांत काढली. त्या ११ वर्षांत खांबावरून आणि डीपीवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरून, मी सात माकडं खाली उतरवली. जिवंत एक.

रिटायर होऊन दोन वर्षं झाली, पण दुपारी पंखा थांबला की मी अजून अंगणात येऊन डीपीकडं बघतो. ११ केव्हीच्या लाईनवरचा फ्यूज, आमच्या भाषेत डीओ, उडतो तेव्हा सुरुंग फुटल्यासारखा आवाज होतो. गावाला त्याचा अर्थ ‘लाईट गेली’ एवढाच. मला मात्र आधी वर बघायची सवय लागली आहे.

आधी एक सांगून टाकतो, कारण पुण्या-मुंबईची माणसं दोन्हींना एकच म्हणतात. काळ्या तोंडाचं, हातापायानं लांबडं, ते वानर. तांबूस तोंडाचं, टाळूवर मधोमध भोवरा आणि तिथून चारी बाजूंना केस पांगलेले, टोपी घातल्यासारखं दिसणारं, ते माकड. घाटात गाडीच्या काचेवर येऊन बसतं ते हे. माझी भाची प्राणिशास्त्र शिकते. ती एकदा म्हणाली, “मामा, हे माकड जगात फक्त दक्षिण भारतात आहे. आपल्या बाजूला तापी ओलांडली की संपलं, पुढं उत्तरेचं माकड लागतं.” मला वाटायचं, माकड म्हणजे काय, जिकडं तिकडं असणारच. तिनं मोबाइलवर जागतिक यादी दाखवली. २०२० पासून आमचं हे माकड धोक्यात असलेल्यांत मोजलं जातं. म्हैसूरकडं संशोधकांनी रस्त्याकडेचे कळप वर्षानुवर्षं मोजले, तर ते घटत गेलेले. कारण काय, तर रस्त्याकडेचे जुने वड गेले.

वड गेले, हे ऐकल्यावर मी गप्प बसलो. का, ते पुढं येईल.

तारेवर चिमणी बसते तिला काही होत नाही, मग माकडालाच का, असं शाळेतली पोरं विचारायची. चिमणी एकाच तारेवर असते. माकडाचं शेपूट त्याच्या अंगापेक्षा लांब. डीपीवर चढून ते टाकीवर बसतं, लोखंडाला टेकलेलं, आणि वरच्या बुशिंगला, म्हणजे तार टाकीत शिरते तिथल्या चिनीमातीच्या खुंटीला, हात लावतं. झालं, वीज त्याच्या अंगातून जमिनीत. एलटीच्या, म्हणजे घरांकडं जाणाऱ्या लाईनच्या, खांबावर तारा एकीखाली एक असतात. एकीवर पाय आणि दुसरीला हात, तरी तेच. मोठं वानर उडी मारतं तेव्हा ढिल्या तारा एकमेकींवर आपटतात, ते वेगळंच.

पण माकड तारेवर येतंच कशाला? वाट म्हणून येतं. आमच्या गावाच्या वेशीवर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वड होते, वर फांद्या एकमेकींत गेलेल्या. सुरूर फाट्यावरून वाईला येताना वडांची जशी कमान लागायची, तशीच, पण छोटी. कळप वरच्या वर इकडून तिकडं जायचा. खाली एसटी जायची, वर माकडं जायची. पुढं रस्ता रुंद झाला, एका बाजूचे वड गेले. दुसऱ्या बाजूच्या फांद्या तोडल्या मी. पावसाळ्याआधी लाईनला घासणाऱ्या फांद्या उतरवायच्या हे आमचं दर मे महिन्यातलं काम. लाईन बंद केल्याचं परमिट घ्यायचं, कोयता आणि दोर घेऊन चढायचं, संध्याकाळपर्यंत ट्रॉलीभर पाला. बायाबापड्या शेरडांसाठी पाला न्यायला थांबलेल्या असायच्या. वरून मी ओरडायचो, “आक्का, बाजूला व्हा!” आपण कुणाची वाट तोडतोय हे तेव्हा डोक्यातसुद्धा आलं नाही. तिथं लाईन मोकळी झाली आणि माकडांना रस्ता ओलांडायला तेवढी एक लाईनच उरली.

पहिलं माकड मेलं ती मादी होती. उन्हाळ्याचे दिवस, दुपारी तीनचा सुमार. सबस्टेशनला फोन करून फीडर बंद केला, अर्थिंग टाकलं, शिडी लावली. खाली चिंचेवर सगळा कळप बसलेला, पण आवाज नाही. एरवी माणूस जवळ गेला की खेकसतात. मी तिला पोत्यात घालून खाली आणेपर्यंत एकानंही दात दाखवले नाहीत. भाची सांगते, माद्या जन्मभर आपल्याच कळपात राहतात, बाहेर जातात ते नर. म्हणजे तिथं बसलेल्यांत तिच्या बहिणी असणार, लेकी असणार. मला तेव्हा हे माहीत नव्हतं, आणि नव्हतं तेच बरं.

मग गावानं जे केलं ते आमच्याकडं सगळीकडंच करतात. ट्रॉलीत केळीचे खुंट बांधले, भजनी मंडळ आलं, मारुतीच्या देवळामागं खड्डा. दहाव्याला चार जणांनी डोकी भादरली. बुंदी झाली. आणि पारावर निकाल लागला, ‘वायरमननं मारलं.’ वर्गणी काढून समाधीवर छोटं देऊळ बांधायचं ठरलं. समर्थांनी स्थापलेल्या ११ मारुतींपैकी सात आपल्या सातारा जिल्ह्यात, आता हा आणखी एक. माझं त्याला काही म्हणणं नाही, शंभराची पावती मीही फाडली. पण त्याच पारावर मी म्हणालो, “तात्या, बुशिंगवर आणि जंपरवर, तिथं येणाऱ्या उघड्या तारेवर, घालायला पाईप आणू. दोन-अडीच हजाराचं काम आहे.” तर तात्या म्हणाले, “ते खात्यानं करावं की!” खात्यात अर्ज दिला. साहेब म्हणाले, मटेरिअल आलं की बघू. मटेरिअल आलं नाही. शेवटी भंगारवाल्याकडून जाड रबरी नळी आणली, उभी चिरली आणि एका रविवारी परमिट घेऊन तीन डीपींच्या जंपरवर चढवली. नियमात बसतं का, असं विचारू नका. त्या तीन डीपींवर पुन्हा एकही माकड मेलं नाही.

आता दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर थोरला भाऊ म्हणेल, पेन्शनीत बसून माकडांची बाजू घेतोय. त्याचा भुईमूग माकडांनी दोन वर्षं लागोपाठ उपटला. खातात थोडं, नासतात फार. गालाच्या आत पिशव्या असतात, त्यात शेंगा कोंबायच्या आणि झाडावर जाऊन निवांत फोडायच्या. आईच्या माजघरावरची कौलं दर हंगामात बदलावी लागतात. तिनं ऐंशीव्या वर्षी गोफण हातात घेतली आणि नेम असा की शेजारच्यांचीच कौलं फुटली. फटाके चार दिवस चालतात. पाचव्या दिवशी माकडं फटाक्याचा आवाज ऐकून जेवायला आल्यासारखी येतात. पिंजरेवाले आणले होते एका वर्षी, नऊ धरून लांब कुठंतरी सोडली. दोन महिन्यांत रिकाम्या जागेत दुसरा कळप आला. तो तर आम्हाला ओळखतसुद्धा नव्हता, घरात शिरायचा.

शेतात येणारी ही माकडं एवढी धीट का झाली, तर घाटात जाऊन बघा. महाबळेश्वरला निघालेली गाडी वळणावर थांबते, काच खाली होते, वेफर्सचा पुडा बाहेर. पोरगं खुश, बाप फोटो काढतो. एकदा मी थांबून म्हटलं, “दादा, नका देऊ, रस्त्यावर येतात आणि चिरडतात.” तो म्हणाला, “काका, पुण्य आहे.” पुण्य त्याचं, गोफण माझ्या आईची.

जिवंत उतरवलं ते एकच. तीही मादी. उजवा हात कोपरापर्यंत जळलेला. तेव्हा १९२६ नंबर मला ठाऊक होता, वनखात्याचा. दीड तासात वनरक्षक आले, जाळी टाकून नेलं. हात गेला, जीव राहिला. बरी झाल्यावर तिला इथंच आणून सोडलं, कळपानं घेतलं. आम्ही तिला थोटी म्हणतो.

दोराच्या पुलाचं डोकं भाचीचं. तमिळनाडूत वालपराईला चहाच्या मळ्यांतल्या रस्त्यांवर सिंहाच्या शेपटीच्या माकडांसाठी झाडाला झाड जोडणारे पूल बांधलेत, त्याचे फोटो तिनं पाठवले. मी म्हटलं, यात काय अवघड आहे, उभा जन्म दोरावर गेलाय. विहिरीतली मोटर काढायचे दोन जुने सोल, म्हणजे जाड दोर, मधे बांबूच्या कामट्या, शिडीसारखं. राहिलेला वड आणि पलीकडचा उंबर यांच्यामधे. दोन गोष्टींची काळजी घेतली, उसाची भरलेली ट्रॉली खालून आरामात जावी, आणि वाऱ्यानं कितीही हेलकावा घेतला तरी पूल लाईनला लागू नये. ग्रामपंचायतीनं ठराव दिला. नवा वायरमन पोरगा चांगला आहे, त्यानं लाईन बंद करून दिली आणि स्वतः उंबरावर चढला. माझा गुडघा आता चढू देत नाही.

पहिले तीन आठवडे खारीच फिरल्या. पारावर टिंगल झाली, “वायरमननं खारींना रस्ता बांधला!” मग एका सकाळी दोन पोरसवदा माकडं मधोमध जाऊन लोंबकळायला लागली, पलीकडं जायचं नावच नाही. महिनाभरानं पोटाला पिल्लू घेतलेली एक मादी गेली, सरळ, खाली न बघता. आता निम्मा कळप वरून जातो. थोटी जात नाही. ती रस्त्याच्या कडेला बसते, वाहनं थांबायची वाट बघते आणि भर रस्त्यातून चालत पलीकडं जाते. एसटीचे ड्रायव्हर तिला ओळखतात, थांबतात. दुचाकीवाले थांबत नाहीत.

परवा दुपारी पुन्हा मोठा आवाज झाला आणि पंखा थांबला. मी चप्पल घालेपर्यंत त्या वायरमन पोराचा फोन.

“काका, वेशीवरचा डीओ उडालाय.”

“वर बघितलंस का?”

“बघितलं. माकड न्हाय काका, धामण हाय.”