टेप घट्ट होती

ओपीडी उघडायच्या आधीच दोघी दारात उभ्या होत्या. तेरा वर्षांची मुलगी, ओठ सुकलेले, आणि तिचा दंड धरून आई. "ताई, पहाटे सहाला साखर ३७८ होती. पंपातून दोनदा करेक्शनचं जादा इन्सुलिन दिलं. आता ४१२! आणि पंप काहीच म्हणत नाहीये हो."

मी डायबेटिस एज्युकेटर आहे. इन्सुलिन पंप, म्हणजे नळीतून दिवसरात्र थोडं थोडं इन्सुलिन देणारं छोटं यंत्र, कसं सांभाळायचं हे मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना शिकवते. ही मुलगी महिन्यापूर्वीच पंपावर आली होती. तिला शिकवलं होतं मीच.

आधी रक्तातले कीटोन पाहिले, म्हणजे इन्सुलिन कमी पडलं की शरीर चरबी जाळतं तेव्हा साठणारी आम्लं. १.८ आले. ते ०.६ च्या आत हवेत, ३ च्या पुढे गेले तर ते थेट जिवावरचं काम. उलटी नव्हती, श्वास नेहमीसारखा होता. डॉक्टरांनी लगेच इंजेक्शनच्या पेनाने इन्सुलिन द्यायला सांगितलं. पेनानेच, कारण अशा वेळी पंपावर भरवसा ठेवायचा नसतो. पंपात फक्त झटपट काम करणारं इन्सुलिन असतं. दिवसभर पुरणाऱ्या इन्सुलिनचा साठा अंगात नसतो, त्यामुळे पुरवठा तुटला की काही तासांतच कीटोन चढायला लागतात.

मग टी-शर्ट वर करून सेट पाहिला, म्हणजे पंपाची नळी त्वचेला जोडणारा चिकट पॅच आणि त्यातली कॅन्युला. पोटावर, बेंबीपासून चार बोटं बाजूला. त्यावर जाड कापडी टेपच्या दोन पट्ट्या, फुलीसारख्या मारलेल्या. बोटाने ओढून पाहिलं तर हलेना. मी जरा खाली वाकले आणि वास आला. एकदा ओळखीचा झाला की हा वास चुकत नाही. जंतुनाशकासारखा, उग्र. इन्सुलिन टिकावं म्हणून त्यात क्रेसॉल, फिनॉल अशी द्रव्यं असतात, त्यांचा तो वास. इन्सुलिन त्वचेखाली जात असेल तर तो असा यायला नको.

टेप सोडवली. खालचा पॅच अर्धाअधिक सुटलेला, चिंब ओला, कडा गोळा झालेल्या. त्वचेखाली इन्सुलिन नेणारी सहा मिलिमीटरची ती मऊ, बारीक कॅन्युला त्वचेवर आडवी पडली होती. रात्रीचं इन्सुलिन पॅचच्या कापडात मुरलं होतं, आणि पंपाच्या पडद्यावर एकेक युनिट 'दिलं' म्हणून नोंदलेलं होतं.

आई मटकन खाली बसली. "मग अलार्म का नाही वाजला?"

पंपाला कळतो तो दाब. नळी तुंबली की दाब वाढतो आणि अलार्म होतो. कॅन्युला बाहेर निसटली तर इन्सुलिनला वाट उलट मोकळीच मिळते. ते कुठे सांडतंय, हे पंपाला कळायला मार्ग नाही.

साखर उतरायची वाट पाहत बसलो तेव्हा आदल्या दिवसाचं सगळं हळूहळू बाहेर आलं. संध्याकाळी आंघोळ झाली. त्वचा कोरडी पडते म्हणून अंगभर मॉइश्चरायझर लावलं. त्यावरच सेट बसवला. झोपताना कड उचललेली दिसली, तेव्हा आईने वरून टेप मारली. तिला वाटलं, आता रात्रीची काळजी मिटली. खरं तर सेट तेव्हाच काढून नवा लावायला हवा होता. टेपने पॅच जागेवर धरला, पण आतली कॅन्युला नाही. शिवाय जे डोळ्यांना दिसलं असतं तेही झाकून टाकलं.

हे ऐकताना मला फार लागलं. बेसल म्हणजे दिवसभर चालू असलेलं इन्सुलिन, बोलस म्हणजे जेवणाच्या वेळचा डोस, कर्बोदकं मोजणं यावर मी तासन्‌तास बोलले होते. त्वचेबद्दल मात्र "स्पिरिटने पुसा, वाळू द्या" एवढंच. क्रीमचा विषय काढलाच नव्हता. कड सुटली तर काय करायचं, हेही सांगितलं नव्हतं. मी दोघींची माफी मागितली.

नवा सेट तिघींनी मिळून लावला, दुसऱ्या बाजूला. साध्या साबणाने जागा धुतली, टिपून कोरडी केली, मग स्पिरिट. ते पूर्ण उडेपर्यंत थांबलो. ओल्या त्वचेवर चिकट धरत नाही आणि घाई नेमकी इथेच होते. मग चिकटपणा वाढवणारा वाइप गोल फिरवला, टोचायची मधली जागा सोडून, आणि तो बोटाला चिकचिकीत लागेपर्यंत थांबलो. सेट बसल्यावर तिने तळहात पॅचवर ठेवला आणि मनात साठपर्यंत मोजलं. हा चिकट दाबाने आणि अंगाच्या उबेने पकडतो. नळीचा छोटा वळसा करून तो टेपने त्वचेला धरला, म्हणजे हिसका बसला तरी तो वळशाला बसेल, कॅन्युलाला नाही. वरून पारदर्शक फिल्म लावली. तिचे कोपरे मुलीनेच कात्रीने गोल केले, कारण टोकदार कोपरा कपड्याला अडकून आधी उचलतो. फिल्म पारदर्शकच हवी असा माझा आता हट्ट आहे. आणि सेट झोपायच्या वेळी बदलायचा नाही. दोन तासांनी साखर तपासता येईल अशा वेळीच बदलायचा.

दुपारी साखर २१०, कीटोन ०.४. मगच त्यांना घरी सोडलं.

तीन दिवसांनी सेट बदलायला दोघी माझ्याकडेच आल्या. कडा चारही बाजूंनी बसलेल्या होत्या. चिकट सोडवणारा रिमूव्हर लावून पॅच काढायला आम्हाला बराच वेळ लागला. तो हातात येताच मुलीने आधी नाकाला लावला.

"नाही येत, ताई," ती म्हणाली, आणि पॅच आईपुढे धरला.