नितळ पाण्याखालचा काळा गाळ

पाणी नितळ आहे, तेव्हा तळाची काळजी नको, असे आम्हांला सांगण्यात आले होते आणि त्या भरवशावर आम्ही उन्हाळ्याच्या अखेरीस एका खोल तलावाच्या तळातील कीटकांच्या अळ्या गोळा करायला गेलो. ती माहिती साफ चुकीची निघाली. काठालगतचे दोन दिवस सुरळीत गेले. खरी कसोटी लागली ती तिसऱ्या दिवशी, सर्वांत खोल जागी, ३८ मीटरवर.

तिथे एकमन ग्रॅब, म्हणजे तळाचा गाळ जबड्यात पकडून वर आणणारी पेटी, अकरा वेळा सोडला. होडी वाऱ्याने सरकत होती, दोर तिरपा होत होता, आणि दोरावरून सोडलेले वजन नीट न आदळल्यामुळे चार वेळा जबडा मिटलाच नाही. जो गाळ वर आला तो डांबरासारखा काळा होता आणि त्याला सडक्या अंड्यांचा वास येत होता. २५० मायक्रॉनच्या चाळणीवर एकेक नमुना धुवायला पाऊण तास लागला, आणि हाती आला तो ट्युबिफिसिड कृमींचा गुंता व काचेसारख्या पारदर्शक, अंगात चकाकत्या हवेच्या पिशव्या असलेल्या काओबोरसच्या थोड्या अळ्या. न चावणाऱ्या डासासारख्या माश्यांच्या अळ्यांपैकी टॅनिटार्सस एकही नाही, लाल कायरोनोमससुद्धा नाही. २२ मीटरवर मात्र हीच लाल अळी एकेका नमुन्यात साठ-सत्तर होती.

विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन तलाव-शास्त्रज्ञ थिएनेमान यांनी टॅनिटार्सस तलाव (तळाशी भरपूर ऑक्सिजन) आणि कायरोनोमस तलाव (तळाशी कमी ऑक्सिजन) असा जो भेद केला, तो मला त्या चाळणीवर पहिल्यांदा खऱ्या अर्थाने समजला. नत्र आणि स्फुरद वाढले की शैवाल माजते, मरून तळाशी बसते आणि ते कुजवताना जिवाणू तिथला ऑक्सिजन संपवतात. वरचा उबदार थर खालच्या थंड पाण्यात मिसळत नसल्यामुळे तो ऑक्सिजन भरूनही निघत नाही. भरपूर ऑक्सिजनवर अवलंबून असलेला टॅनिटार्सस आधी जातो. हिमोग्लोबिनच्या बळावर कायरोनोमस तग धरतो, भरपूर अन्नामुळे काही काळ वाढतोही, पण ऑक्सिजन दीर्घकाळ शून्यावर राहिला की तोही संपतो. काओबोरस टिकतो, कारण तो रात्री वर पोहत जातो.

म्हणून अळ्यांच्या नुसत्या संख्येवरून तलावाची प्रकृती ठरवू नका. मध्यम खोलीवरची गर्दी हे सुदृढतेचे लक्षण नव्हे. केवळ सर्वांत खोल जागेचा नमुना घेणे व्यर्थ आहे, काठापासून टप्प्याटप्प्याने घ्या. ग्रॅब सोडण्यापूर्वी तळापासून अर्ध्या मीटरवर ऑक्सिजन मोजा. अळ्यांचे कीटक होऊन उडून जाण्याआधी, वसंताच्या आरंभी, एक फेरी कराच. होडीला दोन्ही टोकांना नांगर हवा. एका नांगरावर ३८ मीटरचे काम मी पुन्हा करणार नाही.