प्रकटीकरण वाचायचं तर आधी दानीएल उघडा

बायबलमध्ये जगाच्या शेवटाबद्दल जे सांगितलंय त्याचा तक्ता आखणारे बहुतेक जण प्रकटीकरणापासून सुरुवात करतात. तिथेच गाडी रुळावरून घसरते. हे पुस्तक बायबलच्या शेवटी आहे, तेव्हा त्यातलं सगळं नवं आणि लिहिलंय त्याच क्रमाने घडणारं, असं गृहीत धरलं जातं. त्याचा लेखक योहान जुन्या करारातल्या दानीएल, यहेज्केल अशा संदेष्ट्यांची वचनं नावानिशी देत नाही, पण त्यांची चित्रं पानोपानी वापरतो. म्हणून चित्र दिसलं की आधी त्याचं मूळ गाठायचं, मग त्यात काय बदललं ते बघायचं. क्रम आणि काळ त्यानंतर.

श्वापदाचंच घ्या. दानीएल ७ मध्ये सिंह, अस्वल, चित्ता आणि लोखंडी दातांचं चौथं श्वापद अशी चार राज्यं आहेत. चित्त्याला चार डोकी, म्हणजे चौघांची मिळून सात. चौथ्याला दहा शिंगं. आता प्रकटीकरण १३ उघडा: समुद्रातून एकच श्वापद वर येतं, डोकी सात, शिंगं दहा, अंग चित्त्यासारखं, पाय अस्वलाचे, तोंड सिंहाचं. चौघं एकात आली आहेत आणि क्रमही उलटा झालाय. तेव्हा प्रकटीकरणातला ‘चित्ता’ म्हणजे आजचा कुठला देश, असं विचारण्यात अर्थ नाही. दानीएल २ मधला सोनं, रुपं, पितळ, लोखंड असा पुतळाही त्याच चार राज्यांचा. एकच गोष्ट दोन चित्रांत सांगायची ही रीत दानीएलातच आहे, आणि योहानाने ती उचलली आहे.

आकड्यांचंही तसंच. दानीएल ७:२५ मधले साडेतीन ‘काळ’ (म्हणजे वर्षं), प्रकटीकरण ११:२ आणि १३:५ मधले ४२ महिने, ११:३ आणि १२:६ मधले १२६० दिवस हे एकच माप आहे. महिना ३० दिवसांचा धरला की ४२ गुणिले ३० बरोबर १२६० येतात. ३६५ दिवसांच्या वर्षाने मोजलं तर साडेतीन वर्षांचे सुमारे १२७८ होतात आणि हिशेब फसतो. सत्तर सप्तकांतल्या (सप्तक म्हणजे सात वर्षांचा गट) शेवटच्या सप्तकाचा अर्धा भागही (दानीएल ९:२७) साडेतीनच. मात्र दानीएल १२ च्या शेवटी १२९० आणि १३३५ हे आकडे येतात. त्या जादा ३० आणि ४५ दिवसांत काय घडतं, हे मजकूर सांगत नाही. तिथे स्वतःच्या घटना भरणाऱ्या तक्त्यावर विश्वास ठेवू नये.

आकडे कसे अंगाशी येतात याचा नमुना म्हणजे ख्रिस्ताच्या पुनरागमनाचा काळ मोजणारा अमेरिकन प्रचारक विल्यम मिलर. दानीएल ८:१४ मधल्या २३०० दिवसांची त्याने वर्षं केली आणि इ. स. पू. ४५७ पासून मोजली. आधी १८४३ च्या आसपासचा काळ आला. मग शून्य हे वर्ष नसतं हे लक्षात घेऊन १८४४. त्याच्या अनुयायांनी अखेर २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरला आणि तोही गेला. बेरीज बरोबर होती. दिवसाचं वर्ष करायला त्या वचनात आधार कुठे आहे, हा प्रश्न मात्र उरतोच.

‘ओसाडीचा अमंगळ पदार्थ’, म्हणजे मंदिर भ्रष्ट करणारी गोष्ट, हा धागा जास्त बारकाईने बघावा. दानीएल ११:३१ चा संबंध सहसा ग्रीक राजा अंतियोख चौथा याने इ. स. पू. १६७ मध्ये यरुशलेमचं मंदिर भ्रष्ट केलं त्याच्याशी लावतात. तरी मत्तय २४:१५ मध्ये येशू तीच गोष्ट पुढे घडणारी म्हणून सांगतो. लूक २१:२० मध्ये त्याच जागी सैन्यांनी वेढलेलं यरुशलेम आहे, आणि इ. स. ७० मध्ये रोमी सैन्याने ते पाडलं. म्हणजे एक भाकीत एकदा घडून संपलं असं नाही. आधीची घटना पुढच्या घटनेचा साचा होते. २ थेस्सलनीकाकरांस २ मधला मंदिरात बसणारा ‘नाशाचा पुत्र’ याच साच्यातला.

प्रकटीकरणातले सात शिक्के, सात कर्णे आणि सात वाट्या मिळून २१ संकटं ओळीने घडतील का? सातव्या शिक्क्यातून कर्णे निघतात, हे ओळीच्या बाजूचं. पण सहाव्या शिक्क्यालाच सूर्य काळा पडतो, चंद्र रक्तासारखा होतो, तारे गळतात आणि आकाश गुंडाळलं जातं. एवढं झाल्यावर चौथ्या कर्ण्याला सूर्य, चंद्र आणि ताऱ्यांचा फक्त तिसरा भाग अंधारतो. सरळ ओळीत हे बसत नाही. शिवाय तिन्ही मालिकांच्या शेवटी गर्जना, विजा आणि भूकंप आहेत (८:५, ११:१९, १६:१८), दर वेळी अधिक जोराचे. त्यामुळे एकाच शेवटाकडे तीनदा जाणं, हे वाचन मला जास्त पटतं.

सगळ्यात अवघड गाठ गोगची, म्हणजे यहेज्केल ३८-३९ मध्ये देवाच्या लोकांवर चाल करून येणाऱ्या शत्रूची. यहेज्केल ३९ मधली, पडलेल्या सैन्यावरची पक्ष्यांची मेजवानी प्रकटीकरण १९ मध्ये, ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्याआधी येते. गोग आणि मागोग ही नावं मात्र २०:८ मध्ये, हजार वर्षांनंतर. हजार वर्षं अजून यायची आहेत असं मानणारे इथे सहसा दोन लढाया धरतात. ती म्हणजे ख्रिस्ती मंडळीचा (चर्चचा) चालू काळ असं मानणारे बरेच जण एकच लढाई दोनदा सांगितली म्हणतात. कुठलीही बाजू घ्या, यहेज्केलाचा पुढचा भाग सोडू नका: ४० ते ४८ या अध्यायांत तो मंदिराची मापं देतो. योहानाच्या नगरीलाही मापं आहेत, यहेज्केलाकडे मंदिरातून निघणारी नदी तिथेही वाहते, झाडाची पानं तिथेही आरोग्य देतात. पण मंदिर नाही (२१:२२), आणि नदी राजासनातून निघते.