सीटची दांडी संपली!

"कोको मादे," दुकानदार आजोबा म्हणाले. इथपर्यंतच. सीटच्या दांडीवर एक बारीक रेघ कोरलेली असते, ती दिसली की सीट आणखी वर घ्यायची नाही. मी बसलो, पॅडल मारलं आणि गुडघा थेट हँडलवर.

जपानमधल्या साकाईतलं हे तिसरं दुकान. ओसाकाजवळचं हे शहर सायकलींसाठी प्रसिद्ध, सायकलचे सुटे भाग बनवणारी शिमानो कंपनी 1921 साली इथेच सुरू झाली. आणि इथे माझ्या सहा फूट तीन इंचांना सायकल मिळेना!

या बास्केटवाल्या सायकलीला मामाचारी म्हणतात. मामा म्हणजे इथे आई, आपला मामा नव्हे.

खरी गंमत लेबलात होती. 27 इंच (हे चाकाचं माप, आपण 22-24 म्हणतो ते फ्रेमचं). खाली लिहिलेलं, उंची 145 सेंटिमीटरपासून पुढे. पुढे म्हणजे कुठपर्यंत? मी त्यावर बोट ठेवलं. आजोबांनी मान पार वर करून माझ्याकडे पाहिलं आणि आम्ही दोघंही हसत सुटलो.

बाबांची चोवीस इंची काळी सायकल आठवली. सीटवरून पाय पोचत नसत, म्हणून वर्षभर नळीखालून पाय घालून चालवली. तेव्हा सगळे म्हणायचे, थांब जरा, उंच होशील.

झालो की.

आजोबांनी लांब दांडी मागवलीय, शनिवारी बोलावलंय. हँडलचं काय, ते विचारायचं राहूनच गेलं. जपानातले उंच लोकहो, तुम्ही कसं भागवता?