आज कस्टर्ड केलं

रविवार, रात्रीचे साडेअकरा

पाऊस सकाळपासून नुसता कोसळतोय. दुपारी जरा उघडीप मिळाली तशी गावदेवीच्या मंडईत गेले, आणायचं होतं आलं आणि कोथिंबीर एवढंच, आणि परत येताना पिशवीत सहा वेलची केळी, दोन सफरचंदं, एक डाळिंब आणि वाण्याकडून घेतलेलं कस्टर्ड पावडरचं खोकं. खोकं मी कोथिंबिरीच्या जुडीखाली सरकवलं. नौपाड्यातल्या त्या रस्त्यावर मला कोण बघणार होतं, घर माझं, पैसे माझे, वय पन्नास, आणि तरी हात आपोआप गेला खोकं झाकायला. हात आईचा आहे तो. ती अशीच झाकायची.

आजीमुळे. आजी कडक वगैरे नव्हती, प्रेमळच होती, पण पाकिटातलं काही दिसलं की ती एकच शब्द बोलायची, "विकतचं?" बस. पुढे काही नाही. आणि आईचा चेहरा उतरायचा, तो मला अजून दिसतो. आई फोर्टला सरकारी ऑफिसात होती, पहाटे पाचला उठून पोळ्या, भाजी, तीन डबे, आजीचं सोवळ्यातलं वेगळं, मग सव्वाआठची गाडी, संध्याकाळी लेडीज डब्यात मेथी निवडत किंवा मटार सोलत ठाण्याला उतरायची आणि गोखले रोडने चालत घरी यायला सव्वासात व्हायचे. इतकं करून तो एक शब्द तिला लागायचा. मला तेव्हा कळायचं नाही, आता कळतं आणि आता वाईट वाटतं.

पण आजी वर्षातले तीन महिने गावी असायची, गुहागरकडे. शिमग्याला जायची ती आंबे-फणस आटपून मिरगाच्या आधी परत. आम्ही तिला खोपटच्या स्टँडवर रात्रीच्या एसटीला बसवून द्यायचो, बाबा तिची वळकटी वर टाकायचे, मी खिडकीतून तिचा हात धरायचे, रडायचेसुद्धा, खरंच रडायचे. आणि एसटी वळून दिसेनाशी झाली की आई चपलेचा अंगठा नीट करत म्हणायची, "चला, दुकान उघडं असेल अजून." त्या रात्री दुकानातून काय काय यायचं! मॅगी, रसना, गिट्सचं गुलाबजामचं पाकीट, कस्टर्ड, एखाद वेळी कंडेन्स्ड मिल्कचा डबा. माझ्यासाठी उन्हाळ्याची सुट्टी शाळेचा शेवटचा पेपर संपला की सुरू व्हायची नाही, खोपटहून परत येताना सुरू व्हायची. आजीची आठवण येत असतानाच मॅगीचा आनंद व्हायचा, दोन्ही एकाच पोटात, आणि त्या दोन्हीचं एकत्र असं काहीतरी वाटायचं ज्याला मला अजून शब्द सापडलेला नाही.

मॅगी आपल्याकडे आली १९८३ साली, मी तेव्हा आठ वर्षांची. दहाव्या वर्षी मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने काही शिजवलं ते मॅगीच. बाबा वागळे इस्टेटमधे कंपनीत, पहिली पाळी असली की साडेतीनला घरी, त्या दिवशी ते दमून पडले होते आणि मी स्टुलावर चढून दीड कप पाणी मोजून केली, त्यात गाजर नाही, मटार नाही, नुसती पिवळी मॅगी, आणि बाबांना उठवून ताटलीत दिली. बाबा उठून बसले आणि त्यांनी सगळी खाल्ली, मग ताटली तोंडाला लावून उरलेलं पाणीपण प्यायले. पुढे मी पुरणपोळी शिकले, उकडीचे मोदक शिकले, एकवीस कळ्यांचे करते मी, पण बाबांच्या त्या ताटलीइतका अभिमान मला कुठल्याच पदार्थाचा वाटलेला नाही.

कच्ची मॅगी पण खायचो. पाकीट न फोडता वरूनच मुठीने चुरा करायचा, मग फोडून मसाल्याची पुडी आत रिकामी करायची, हलवायचं आणि गच्चीत जाऊन खायचं. जीभ चरचरायची. आता माहितेय की ती खरी कच्ची नसतेच, आधी वाफवून मग तळलेली असते, मोमोफुकु आंदो नावाच्या जपानी माणसाने १९५८ साली ही युक्ती काढली, तळल्याने शेवेतलं पाणी उडून जातं आणि आत बारीक बारीक भोकं राहतात, गरम पाणी घातलं की त्या भोकांतून ते झर्रकन आत शिरतं, म्हणून ती लगेच शिजते. आणि म्हणूनच तशीच खाल्ली तरी कुरकुरीत लागते, आम्ही तळलेली शेवच खात होतो की. २०१५ मधे जूनमधे बंदी आली नि मॅगी दुकानांतून गेली आणि मुंबई हायकोर्टाच्या ऑगस्टमधल्या निकालानंतर नोव्हेंबरात परत आली, ते मधले पाच महिने मी वाण्याच्या त्या रिकाम्या फळीकडे बघायचे. एरवी महिन्यातून एकदासुद्धा खात नव्हते तोपर्यंत. तरी.

रसनाचं काय लिहू, ते सगळ्यांनाच आठवतं. एक छोटी बाटली, एक पुडी, साखरेचा पाक, आणि पाच रुपयात बत्तीस ग्लास अशी जाहिरात. आमच्याकडे मे महिन्यात मामेभावंडं आली की ते बत्तीस ग्लास दोन दिवसात संपायचे.

कंडेन्स्ड मिल्कच्या डब्याला मात्र दोन भोकं पाडायची असतात, समोरासमोर, एकातून हवा आत जायला आणि एकाला तोंड लावायला. हे मला आईने शिकवलं. आईने! रात्री बाबा झोपल्यावर आम्ही दोघी ओट्याशी उभ्या राहून आळीपाळीने ओढायचो, एक घोट तिचा, एक माझा. तिची साडी अजून ऑफिसचीच असायची.

गुलाबजामसाठी आई रविवारची सकाळ राखून ठेवायची. गिट्स पुण्याचं, १९६३ पासूनचं, म्हणजे आई सोळा वर्षांची असल्यापासून ते बाजारात होतं, पण तिच्या माहेरी ते कधी आलं नाही, खवा आणूनच व्हायचे. लोकांना वाटतं पाकिटाचं म्हणजे काय, कालवा आणि तळा. तसं नाहीये. पीठ रगडून मळलं की गुलाबजाम आत दगड होतो, नुसतं हलक्या हाताने गोळा करायचं आणि झाकून ठेवायचं, आणि तेल मंद पाहिजे नाहीतर बाहेरून काळे नि आत पिठाची गोळी. आई ते नखाएवढे करायची म्हणजे संख्या वाढते, पाकिटावर लिहिलेल्या आकड्यापेक्षा नेहमीच जास्त व्हायचे. मी मोजायचे. तिच्या हाताला एक भेग पडलेला गुलाबजाम मी कधी बघितला नाही, आणि याचं कौतुक तिचं कुणी केलं नाही कारण पाकीट.

आता कस्टर्ड. कारण खरं लिहायचं होतं ते त्याचंच.

आजी घरात असताना कस्टर्ड एकदाच झालं, माझ्या बाराव्या वाढदिवसाला. तिने पिवळा रंग बघितला आणि विचारलं, "अंडं नाही ना हो यात?" आई खोकं घेऊन आली, चष्मा लावून वाचून दाखवलं, मक्याचं पीठ, रंग, वास, बाकी काही नाही. आजीने अर्धी वाटी घेतली, शेवटपर्यंत खाल्ली, उठून वाटी स्वतः विसळून पालथी घातली. बोलली काही नाही. आई तेव्हा ओट्याकडे तोंड करून उभी होती. कित्येक वर्षांनी मी वाचलं की ही पावडर जन्मालाच आली ती अंडं नको म्हणून, इंग्लंडमधे बर्मिंगहॅमला आल्फ्रेड बर्ड नावाचा औषधवाला होता, त्याच्या बायकोला अंडं सोसायचं नाही आणि कस्टर्ड तर अंड्याचंच करतात, म्हणून त्याने १८३७ साली मक्याच्या पिठावर ते जमवलं. एका बाईला अंडं चालत नव्हतं म्हणून केलेली वस्तू दीडशे वर्षांनी ठाण्यात दुसऱ्या बाईला चालली. मी हे आईला वाचून दाखवलं तर ती खूप वेळ हसत होती.

आणि मॅगीचंही तसंच. ज्या माणसाचं ते आडनाव तो ज्युलियस मॅगी स्वित्झर्लंडचा गिरणीवाला. १८८० च्या दशकात तिथे बायका कारखान्यात जायला लागल्या होत्या, घरी येऊन रांधायला वेळ नाही, पोटभर नीट खाणं मिळत नाही, तर त्यांच्यासाठी त्याने डाळी-वाटाण्याची पिठं काढली, पाण्यात कालवा, उकळा, झालं सूप. हे वाचलं तेव्हा मी एकदम थांबलेच. डाळीचं पीठ, पाण्यात कालवून उकळायचं! म्हणजे आजीची कुळथाची पिठीच ती. आजी मिरगाच्या आधी गावाहून आली की तिच्या बोचक्यात काय असायचं? कुळीथ भाजून, भरडून, दळून आणलेली पिठी. मेतकूट. सांडगी मिरची. पोह्याचे पापड. कोकमाचं आगळ. सगळं तयार, सगळं डब्यात, भूक लागली की पाच मिनिटात जेवण. लसणीची फोडणी, पाणी, दोन कोकमं, पिठी भुरभुरवून ढवळली की झालं, वर गरम भात. मेतकूट-भाताला तर दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. आजीने उन्हात बसून, भाजून, दळून आधी वेळ घातलेला असायचा आणि मग वर्षभर तो वेळ ती थोडा थोडा काढून द्यायची. आईकडे आधी घालायला वेळच नव्हता, तिने तो पगारातून विकत घेतला. मला यात कमी-जास्त काही दिसत नाही. आईला सांगायला हवं होतं हे कुणीतरी तेव्हाच, ती पस्तिशीची असताना, थकून सव्वासातला दार उघडायची तेव्हा.

तर आज संध्याकाळी मी पातेलं काढलं. आई आता अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेत, स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसते आणि तिथून सूचना. "आधी थंड दुधात कालव." माहितेय मला. "गरम दुधात टाकलीस तर गाठी होतील." होतात, पिठाच्या गोळीचं बाहेरचं अंग लगेच शिजून चिकट होतं आणि आत कोरडं पीठ अडकतं, मग कितीही घोटा. मागच्या वर्षी मी घाई केली होती आणि सगळं गाळण्यातून गाळायला लागलं. आज वाटीत थंड दूध, तीन चमचे पावडर, बोटाने गाठी मोडल्या, दुधाला उकळी आली तेव्हा आच बारीक करून हळूहळू ओतलं, आणि मग तो क्षण येतो, पातळ दूध चमच्याला एकदम जड लागायला लागतं, रंग फिक्या पिवळ्याचा गडद होतो आणि घरभर व्हॅनिलाचा तो वास. तो वास खऱ्या व्हॅनिलाचा नाही हे मला माहितेय. मला तोच हवाय.

लेक बाहेर आली, खोकं उलटं करून वाचलं. "आई, यात कलर आहे." आहे. ती एकोणीस वर्षांची, सगळं वाचून खाते, चांगलंच आहे ते. मी म्हटलं तुला नको असेल तर फळं बाजूला काढून ठेवते. तर आधी नको म्हणाली आणि मग चमचा घेऊन आली.

फळं कस्टर्ड गार झाल्यावरच. केळी सगळ्यात शेवटी, नाहीतर काळी पडतात. आंबट द्राक्षं नाहीत. ताजा अननस तर अजिबात नाही, त्याने दूध कडू होतं, त्याच्यातलं काहीतरी दुधातल्या प्रोटीनचे तुकडे करतं. अननस घालायचा तर टिनमधला, तो डबाबंद करताना चांगला तापवलेला असतो म्हणून त्याचा जोर गेलेला असतो. आई फक्त माझ्या वाढदिवसाला टिन आणायची, त्याच्या गोल चकत्या, मधे भोक, एक चकती मी बोटात घालून बसायचे.

दहा वाजता आम्ही तिघी खाल्लं, स्टीलच्या वाट्यांमधे, बाहेर पाऊस. आईने दोन वाट्या घेतल्या. मग म्हणाली पातेलं इकडे दे. बुडाला जाडसर पापुद्रा धरलेला असतो ना, जरासा करपलेला, तो तिने चमच्याने खरवडून खाल्ला, अगदी सावकाश, आणि खाता खाता म्हणाली, "मला तेव्हा वाटायचं मी तुला नीट काही करूनच घालत नाही."

मी म्हटलं, आई, मला त्यातलं सगळं आठवतं. दोन भोकांचा डबा, नखाएवढे गुलाबजाम, खोपटचं दुकान, सगळं.

ती बराच वेळ काही बोलली नाही, चमचा पातेल्याच्या कडेने फिरवत राहिली. मग पातेलं माझ्या हातात दिलं.

"पुढच्या रविवारी अननसाचं टिन आण," म्हणाली. "आणि पिशवीत वर ठेव."